बिनगुठळीचं कस्टर्ड

१

आपल्याच निरोपाच्या जेवणानं माणूस गेला, असं कधी ऐकलंय का तुम्ही? आमच्या इस्पितळात झालं ते.

स्टोअरकीपरकाका म्हणजे इथलं जुनं खोड. कापसाच्या बोळ्यापासून खाटेच्या चाकापर्यंत कुठं काय पडलंय ते त्यांना झोपेतून उठवून विचारा, सांगायचे. शुक्रवारी त्यांचा शेवटचा दिवस. दुपारी नर्सेसच्या जेवणघरात टेबलं जोडली, दोन-चार जण बोलले, एक-दोघी रडल्या, आणि शेवटी वाट्यांतून कस्टर्ड आलं. काकांनी एक वाटी चाटूनपुसून संपवली, दुसरी मागितली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "अगं धाकटे, आज गुठळी एकही नाही! तब्येत बरी आहे ना तुझी?"

जेवणघर हसलं. मीही हसलो. कारण धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, इस्पितळाच्या किचनमध्ये स्वयंपाकाला. हाताला चव आहे तिच्या, पण कस्टर्ड म्हटलं की गुठळ्या व्हायच्याच. आई म्हणायची, हिच्या सासरी कस्टर्ड कुणी मागू नये म्हणजे मिळवली. सासर काही टिकलं नाही, नवरा पोरगी पदरात टाकून निघून गेला, तो भाग वेगळा.

माझी वाटी यायच्या आत फोन आला आणि मी अँब्युलन्स काढली. म्हणून वाचलो.

परत आलो तर दिवेलागणीची वेळ. इस्पितळाच्याच माणसांनी इस्पितळ भरलेलं! जो तो बेसिन धरून उभा. वॉर्डबॉय ओकतोय, क्लार्क ओकतोय, डॉक्टर नर्सच्या खांद्याला धरून आणि नर्स भिंतीला धरून. मेट्रनबाईंसारखी खमकी बाई, तीसुद्धा खाटेवर आडवी, डाव्या हाताला सलाईन.

सकाळपर्यंत सगळे सावरले. काकांचं वय झालेलं, हृदय आधीच कुरकुरत होतं. ते उजाडताना गेले.

शनिवारी साहेबांनी, म्हणजे आमच्या सुपरिंटेंडंटनी, उरलेलं कस्टर्ड लॅबमध्ये पाठवलं. ओकारीचे नमुने पाठवले. किचनमधल्या माणसांच्या नाकात बोळे फिरवून तेही पाठवले. आणि रविवारी सकाळी लॅबनं निकाल दिला. कस्टर्डात जो जंतू, तोच धाकटीच्या नाकात.

साहेब तिला म्हणाले, "उद्या दुपारी पोलिसांना कळवणार. तोवर किचनकडे फिरकायचं नाही."

"अहो, पण मी काय केलं?" एवढंच ती म्हणाली.

तेवढ्यात किचनचा मुकादम मागून बोललाच, "गुरुवारी काकांशी दुधावरून कोण भांडत होतं, ते साऱ्या इस्पितळानं ऐकलंय."

माणसांच्या नजरा कशा फिरतात ते मी तिथं उभा राहून पाहिलं. आधी चूक म्हणत होते. त्या क्षणापासून खून म्हणायला लागले.

२

लॅबच्या मुख्य म्हणजे जंतूवाल्या बाई. भाचीच्या लग्नाला सुट्टी घेऊन गेल्या होत्या. त्यांना आणायला दुपारी मीच बसस्टँडवर गेलो. ठेंगणी मूर्ती, दोरीला अडकवलेला चष्मा, जीभ वस्तऱ्यासारखी. मला त्या सारथी म्हणतात.

"काय सारथी, तोंड असं का? कोण गेलं?"

मी सगळं सांगितलं. सांगताना आवाज फुटला, तर बाईंनी तिकडं लक्षच दिलं नाही. विचारायला लागल्या.

"उलट्या कधी सुरू झाल्या?"

"जेवण दुपारी. दिवेलागणीच्या आत सगळे आडवे."

"ताप?"

"कुणालाच नाही. उलट गार पडले होते."

"जुलाब जास्त का उलट्या?"

"उलट्या हो. आतडी बाहेर येतील अशा."

बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "मग ती काडीवाली मंडळी नव्हेत."

"काडीवाली कोण?"

"जंतूंच्या जाती असतात रे. माणसांच्या जाती माणसांनी बनवल्या, ह्यांच्या मात्र खऱ्या. आधी रंग लावून बघायचं. धुतलं तरी जांभळा रंग धरून बसतं ते एक घराणं. रंग सोडून देतं आणि नंतर गुलाबी होतं ते दुसरं. मग आकार बघायचा, काडी का गोळी. गोळी असली तर माळेत राहते का घडात. टायफॉईडवाले, हगवणीवाले हे गुलाबी काडीवाले. ते पोटात शिरतात, बिऱ्हाड थाटतात, पोरंबाळं वाढवतात, मग दंगा. त्याला वेळ लागतो, आणि ताप येतो."

"आणि आमच्या इथं आला तो?"

"जांभळा, गोळीवाला, द्राक्षाच्या घडासारखा राहणारा. तो अन्नातच बसून विष करून ठेवतो. जेवणाबरोबर तयार विष पोटात जातं. म्हणून लगेच उलटी, आणि तापाला जागाच नाही. ते विष नंतर कितीही उकळा, जात नाही."

"आणि तो अन्नात येतो कुठनं?"

"माणसातनं. नाक, कातडी, पू."

नाक ऐकल्यावर माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"गाडी चालव," बाई खेकसल्या. "नाकात तो कितीतरी जणांच्या असतो. तुझ्याही असेल. म्हणून तू खुनी होत नाहीस. आणि एक सांग, हा निकाल कुणी काढला?"

"टापटीपनं."

"मग चुकायचा नाही," बाई म्हणाल्या.

त्या तीन शब्दांनी माझ्या तोंडचं पाणी पळालं.

३

टापटीप म्हणजे लॅबमधला टेक्निशियन. खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणी घेत असेल. कोट कसा पांढराफेक, पेनं कशी उंचीप्रमाणे लावलेली. मेट्रनबाईंचा हा सख्खा धाकटा भाऊ. आई लहानपणीच गेली, बहिणीनंच वाढवला, शिकवला, लॅबला चिकटवला. संध्याकाळी माझ्याबरोबर पत्ते खेळायचा. हरला तरी पत्ते नीट जुळवून ठेवणार.

आम्ही आत गेलो तेव्हा तो टेबल पुसत होता. आधीच पुसलेलं टेबल.

"बाई, आलात? प्रवास..."

"प्रवास गेला खड्ड्यात. बशा काढ."

बशा म्हणजे झाकणाच्या काचेच्या थाळ्या. तळाला जेलीसारखं काहीतरी ओततात, त्यावर नमुना ओढतात, आणि उबेत ठेवतात. रात्रभरात जंतूंची वस्ती उगवते, डोळ्यांना ठिपके दिसतात. टापटीपनं दोन बशा पुढं ठेवल्या. एकीवर चिकटपट्टी, 'कस्टर्ड, शनिवार'. दुसरीवर 'स्वयंपाकीण, नाक, शनिवार'.

बाईंनी चष्मा चढवला. पहिली बशी बघितली, ठेवली. दुसरी बघितली. परत पहिली. मग दुसरी उजेडात तिरपी धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मीही मागनं मान लांब केली. कस्टर्डच्या बशीत दुधाळ, बारीक ठिपके होते. धाकटीच्या बशीतले टपोरे, आणि रंग कसा, नव्या पितळेसारखा सोनेरी. ओळीनं, सुबक, एकासारखा एक. रांगोळी काढावी तसे.

"सुंदर आहे बशी," बाई म्हणाल्या.

"थँक्यू, बाई."

"हिच्या नाकातला बोळा तूच घेतलास?"

"मीच घेतला."

"शनिवारी?"

"शनिवारी सकाळी."

बाईंनी बशी अलगद खाली ठेवली आणि माझ्याकडं वळल्या. "सारथी, बहिणीला बोलाव. तिच्या नाकात परत बोळा घालायचाय. मी स्वतः."

टापटीपच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्या माणसाच्या हातून काही पडलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

४

धाकटी आली, नाकात बोळा घालून घेतला, शिंकली, आणि बाईंच्या कोटावर शिंकली म्हणून रडायला लागली.

"रडू नको. काम झाल्यावर रड," बाई म्हणाल्या. "मला सांग, कस्टर्ड केलं कुणी?"

"मीच."

"एकटीनं?"

"एकटीनं."

"किचनमध्ये दुसरं कुणी आलं होतं?"

"नाही हो. बाहेरच्यांना यायची मनाई आहे, दारावर पाटी आहे."

हे ती खाली बघून बोलली. मी तिला अंगाखांद्यावर खेळवलंय. धाकटी खोटं बोलते तेव्हा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरते. आता फरशीच होती, तरी उकरत होती.

मला खरं सांगू? त्या घटकेला माझ्याच मनात किडा वळवळला. ही काय लपवतेय? काकांशी भांडली होती हे तर खरंच होतं. दूध कमी आलं म्हणून भांडली, पण भांडली ना. सख्ख्या बहिणीविषयी असा विचार यावा, ह्यापेक्षा मी ते कस्टर्ड खाल्लं असतं तर बरं.

बाई मला घेऊन किचनमध्ये गेल्या. मुकादम दारातच आडवा. अंगठ्याला मळकी पट्टी.

"काय झालं अंगठ्याला?"

"सुरी लागली. कामात असतात माणसं, सुट्टीवर नसतात."

"सोड पट्टी."

"तुम्ही कोण मला..."

"सोड, नाहीतर मी कात्रीनं सोडवते, आणि माझी नजर अलीकडं कमी झालीय."

त्यानं पट्टी सोडली. आत स्वच्छ चीर, खपली धरलेली. बाईंनी दाबून बघितलं. तो कळवळला, पण बाहेर काही आलं नाही.

"पू नाही," बाई म्हणाल्या, जरा नाराजच. मग फ्रीज उघडला. आत वरपासून खालपर्यंत थंड पेयाच्या बाटल्या.

"ह्या कुणाच्या?"

मुकादम फ्रीजचं दार लोटायला पुढं आला.

"पेशंटच्या नातेवाइकांना हाच विकतो," मी म्हटलं. "सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणजे शुक्रवारी कस्टर्ड फ्रीजमध्ये नव्हतं?"

मुकादमानं मान खाली घातली. "सकाळपासून ओट्यावर होतं. शेगडीशेजारी."

"जंतूला ऊब दिलीस आणि स्वतः नामानिराळा. वर बोंबललास पहिला. तुझंही बघू, पण तू पाळणा हलवलास. पोर दुसऱ्याचं आहे."

तिथून मेट्रनबाईंना बघायला गेलो. सलाईन निघालेलं होतं, डाव्या हाताच्या मागं कापसाचा बोळा. उजव्या हाताला पंज्यापासून बोटांच्या टोकापर्यंत बँडेज.

"कशी आहेस गं?" बाईंनी विचारलं. दोघी जुन्या मैत्रिणी.

"बरी आहे. काका गेले, म्हणून..." मेट्रनबाईंनी तोंड भिंतीकडं वळवलं. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ड्रायव्हर, तुझ्या बहिणीला सांग, धीर धर."

मला गहिवरून आलं. नवरा गेल्यावर धाकटीला ह्या किचनमध्ये लावून दिलं ते ह्याच बाईंनी. मी दारातनं म्हटलं, "तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत, बाई."

बाहेर आल्यावर जंतूवाल्या बाई व्हरांड्यात थबकल्या. "सारथी, सलाईन कुठल्या हाताला होतं?"

"डाव्या."

"मग उजव्याला बँडेज कशाचं?"

"आधी उजवीकडं शीर सापडली नसेल."

"शीर बोटाच्या टोकात शोधत होते का?" बाई म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

मी तिथंच उभा राहिलो. माझ्या डोळ्यांपुढं गुरुवार आला. मेट्रनबाई एका पेशंटला घेऊन माझ्या गाडीतून आल्या होत्या. उतरताना त्यांनी दार कोपरानं ढकललं. मी मनात म्हटलं होतं, बघा तोरा, आमच्या गाडीला हातसुद्धा लावत नाहीत.

५

सोमवारी सकाळी लॅबमध्ये साहेब, मुकादम, टापटीप, धाकटी आणि मी. साहेब घड्याळ बघत होते. "बाई, दुपारी मला पोलिसांना कळवायचंय."

"कळवा. कुणाविषयी ते आधी ठरू दे."

बाईंनी टेबलावर बशा मांडल्या. एक नवीन होती. "ही काल मी घेतलेली. हिच्याच नाकातली. बघा."

साहेब वाकले. त्या बशीत चट्टेपट्टे होते नुसते. पांढरे ठिपके, करडे ठिपके, पसरट, बारीक, एक तर सुरकुतलेला.

"हे घाण झालंय," साहेब म्हणाले.

"घाण नाही, साहेब, हे नाक आहे. नाक म्हणजे आठवडी बाजार. नाना जातीची मंडळी तिथं नांदतात. कुणाच्याही नाकात बोळा घाला, असंच उगवणार. आता ही बघा, शनिवारची, तुमचा पुरावा." त्यांनी सोनेरी बशी पुढं सरकवली. "एकच जात. एकही परका नाही. असलं नाक मी उभ्या जन्मात बघितलेलं नाही."

साहेब टापटीपकडं बघायला लागले. टापटीप त्या बशीकडं.

"दुसरं. ही द्राक्षाच्या घडातली जात एका रात्रीत उगवते, पण सोन्याचा रंग सावकाश चढतो, आणि ठिपके दिवसागणिक फुगतात. कस्टर्डची बशी शनिवारचीच, रविवारी दुधाळ होती, मी बघितली. ही मात्र रविवारीच पिवळीधमक, कडेनं जेली वाळायला लागलेली. एकाच दिवशी एकाच उबेत ठेवलेली दोन भावंडं, आणि एकाला मिसरूड फुटलेलं? ही बशी जेवणाच्या आधीची आहे. पट्टी तेवढी शनिवारी चिकटलीय."

साहेबांनी दोन्ही बशा उचलून शेजारी शेजारी धरल्या.

"आणि तिसरं. कस्टर्डातल्या जंतूवर मी काल औषधांच्या चकत्या ठेवल्या. औषध लागू पडलं की चकतीभोवती मोकळं खळं पडतं. वॉर्डात आपण रोज जे औषध देतो, त्याच्याभोवती खळं पडलंच नाही. हा जंतू आपल्या वॉर्डांत वाढून निर्ढावलेला आहे. ही बाई कधी वॉर्डाची पायरी चढलेली नाही. तिच्या नाकात तो नाहीच."

"मग ही बशी कशाची?" साहेबांचा आवाज उतरला होता.

"एकच जात निर्मळ कुठं मिळते? बंद पुवात. कुणाचं तरी बोट नाहीतर गळू पिकलं होतं, जेवणाच्या आधी. ते गुपचूप इथं दाखवलं गेलं आणि इथं त्याची बशी झाली. शनिवारी साहेब निकालासाठी मानगुटीवर बसले, हिच्या खऱ्या बोळ्यात काही सापडेना, तेव्हा ती तयार बशी हिच्या नावावर खपवली." बाई टापटीपकडं वळल्या. "तुझी बशी नेहमीसारखीच सुंदर निघाली रे. नाकाची बशी इतकी सुंदर नसते, एवढंच तू विसरलास. हात दाखव."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. स्वच्छ. नखं कापलेली. एक ओरखडा नाही.

"तुझा पू नाही," बाई म्हणाल्या. "मग कुणाचा? कुणासाठी तू एवढं केलंस?"

टापटीपनं ओठ असे मिटले, की चिमट्यानंही उघडले नसते.

मला सगळं कळलं होतं. कोपर कळलं होतं, बँडेज कळलं होतं. एकच कळत नव्हतं, ते बोट कस्टर्डात गेलं कसं? आणि एकदम काका आठवले. दुसरी वाटी हातात धरून हसणारे.

मी धाकटीकडं वळलो. "धाकटे, गुठळ्या कुठं गेल्या?"

"अं?"

"तुझ्या कस्टर्डात जन्मापासून गुठळ्या असतात. आई थकली, मी थकलो, नवरा पळाला. शुक्रवारी एकही गुठळी नव्हती. कुणी काढल्या?"

तिचा अंगठा फरशीवर फिरायला लागला. "दादा, नको ना."

"उद्या तू आत गेलीस तर पोरीला काय सांगू? आईनं कुणाचं तरी नाव राखलं म्हणून?"

"त्यांनी मला उभं केलं, दादा! माझ्या वाईट वक्ताला दुसरं कुणी होतं का?" ती हुंदके द्यायला लागली. "सहज डोकावल्या. म्हणाल्या, अगं, काकांच्या शेवटच्या दिवशी तरी नीट कर. शिजलेलं, कोमट झालेलं होतं. चाळणी मागितली, आणि बोटांनी दाबून दाबून सगळं गाळून दिलं. जाताना म्हणाल्या, मी आले होते सांगू नको, साहेब तुलाच बोलतील, पाटी आहे दारावर. माझ्या भल्यासाठीच सांगितलं हो त्यांनी!"

"कोण?" साहेब ओरडले. "कोण डोकावलं?"

"मी," दारातनं आवाज आला.

६

मेट्रनबाई अंगावर शाल घेऊन उभ्या होत्या. टापटीप खुर्ची पाडून उठला. "ताई, नको! तू जा इथनं!"

"तू बस." लहान पोराला सांगावं तसं त्या बोलल्या, आणि तो बसलासुद्धा.

त्यांनी बँडेज सोडायला घेतलं. एका हातानं जमेना. शेवटी जंतूवाल्या बाईंनीच पुढं होऊन सोडलं. तर्जनीला नखुरडं झालेलं. नखाशेजारी टरारून सुजलेलं, पिवळं पडलेलं बोट.

"दोन दिवस ठणकत होतं," मेट्रनबाई म्हणाल्या. "कळवलं असतं तर नियमानं घरी बसावं लागलं असतं. इतकी वर्षं एक दिवस घरी बसले नाही. ह्यानं सुईनं जरासं उघडलं, पू तपासायला घेतला, आणि मी काम करत राहिले. पोरींना रोज ओरडते, हात धुवा, हात झाका. आणि स्वतः... हात धुतले होते, म्हणून म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम."

"काका गेले तेव्हा कळलं नाही तुला?" जंतूवाल्या बाईंनी विचारलं. आवाज एरवीचा नव्हता.

"कळलं. खाटेवर पडल्या पडल्या कळलं. उठून सांगणारच होते. तेवढ्यात लॅबनं सांगितलं, स्वयंपाकिणीचं नाक." त्या धाकटीकडं बघायला लागल्या. "लॅब सांगते म्हणजे खरंच असेल, असं मी स्वतःला बजावलं. लॅबमध्ये कोण बसलंय, हे मला ठाऊक नव्हतं का?"

टापटीप टेबलावर डोकं ठेवून रडत होता. मला त्याची मान मोडावीशी वाटत होती. आणि त्याच वेळी वाटत होतं, की बहिणीवर आली म्हणून मी दोन दिवस काय काय करायला तयार होतो, ते माझं मला माहीत. फक्त माझ्या हातात बशा नव्हत्या.

साहेब खाकरले. "हे बघा, मेट्रन आहेत, इस्पितळाचं नाव आहे. आपण जरा सबुरीनं..."

"दुपारी कळवणार होतात ना?" जंतूवाल्या बाई म्हणाल्या. "कालपर्यंत घाई होती. आत्ताच सबुरी आठवली होय?"

साहेबांनी फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंच्या पुवाची बशी उगवली, चकत्या ठेवल्या, कस्टर्डाशी तंतोतंत जुळली. टापटीपची नोकरी गेली, पुढचं कोर्ट बघेल. मुकादमाच्या बाटल्या गेल्या आणि पाठोपाठ मुकादम. धाकटी परत किचनला लागली. काकांच्या तेराव्याला... नाही, ते राहू द्या. एवढंच सांगतो, काकांच्या घरचे आले होते, त्यांनी धाकटीचा हात धरला, सोडला नाही.

मेट्रनबाईंचं बोट तोवर हाडापर्यंत गेलं होतं. मोठ्या इस्पितळात न्यायचं होतं, बरोबर एक पोलीसबाई. गाडी माझीच. पोहोचल्यावर आरशात बघितलं, तर मेट्रनबाई दाराकडं सरकल्या होत्या आणि सवयीनं कोपर पुढं करत होत्या.

"ड्रायव्हर," त्या म्हणाल्या, "ती काय म्हणते रे माझ्याबद्दल?"

काय सांगणार? सकाळी निघताना धाकटीनं माझ्या हातात डबा दिला होता. त्यांना द्या म्हणाली, तिथलं जेवण त्यांना जायचं नाही. मी तो डबा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हातानं झाकण जरा उचललं आणि आत बघत राहिल्या. कस्टर्ड होतं. गुठळ्याच गुठळ्या.

मी उतरलो, वळसा घालून गेलो, आणि दार उघडून धरलं.